मिरचीच्या हंगामातलं व्याख्यान

व्याख्यानाची आठवण म्हटल्यावर तुम्ही मांडी ठोकून बसला असाल, की आता हा त्या थोर लेखकांचे विचार सांगणार... तर नाही हो! त्यांचं एक वाक्य आठवत असेल तर शपथ. आठवतो तो वाचनालयाच्या उघड्या खिडक्यांतून येणारा, नाकाला झोंबणारा वाळत्या मिरच्यांचा वास.

वडील रेल्वेत, कुठल्याशा आडस्टेशनावर. मला शाळेसाठी नंदुरबारला काकांकडे ठेवलेलं. तिथं ‘जेवलास का’ एवढंच विचारत... बाकी दिवसभर कुणी बोलायचं नाही, म्हणून मीच सगळ्यांचे आवाज काढून स्वतःशी बोलायचो. आपणहून हाक मारणारा माणूस एकच – वाचनालय सांभाळणारे आप्पा. “काय वाची ऱ्हायना रे, माकडा?” म्हणत, जुन्या कागदाचा उबट वास येणाऱ्या कपाटाशेजारी मला जागा करून देत.

पुण्याच्या लेखकांची ओळख करून द्यायची, म्हणून आप्पांनी आठवडाभर शुद्ध मराठी घोटली. पण जिभेवर अहिराणी. ‘आहे’च्या जागी ‘शे’ निसटायचंच. मला म्हणाले, “मन्हा तोंडमा ‘शे’ उना, का तू खोकजो. मी लगेच ‘आहे’ करसू.”

मिरचीच्या हंगामात खोकल्याची खूण ठरवणारे आम्ही दोघंच शहाणे! आप्पा उभे राहिले, “थोर लेखक आले आहेत,” म्हणाले, तोच वाऱ्याचा झोत आला आणि मागे कुणालातरी ठसका लागला. आप्पा दचकले. “आले शेतस...” आणखी एक ठसका. “आहेत...” पुन्हा. “शेतस...” घामेजून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती – मी नाही खोकलो, एवढंच – तरी भागलं असतं. पण सतरंजीवर हसू फुटू लागलेलं, माझी जीभ वळवळलेली... मी उठलो आणि हुबेहूब आप्पांच्या आवाजात म्हणालो, “आहेत-शेतस, शेतस-आहेत, बसा आते!”

सगळं वाचनालय हसलं, पाहुणेसुद्धा. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत, असं तोवर कधी झालंच नव्हतं... आप्पा ओळख अर्धीच टाकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी कपाटाशेजारी जाऊन बसलो, थप्पड खायच्या तयारीनं. थप्पड नाही, शिवी नाही. आप्पांनी वहीतून मानसुद्धा वर केली नाही. कुठंही न अडखळता, सावकाश म्हणाले, “आपणांस पुस्तक हवे असल्यास घरी न्यावे. येथे बसण्यास मनाई आहे.”