वेल्श लोकांची चौकशी

माझ्या कपाटात विटेएवढं जाड एक पुस्तक आहे. ते मी वाईट मनाने वाचलं. पुस्तक वाईट मनानेही वाचता येतं, हे साठी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, वाचनाने माणूस मोठा होतो असं पोरांना सांगत आले, आणि माझं मात्र उलटंच झालं.

मुलगा नोकरीसाठी वेल्सला गेला आणि दोन-तीन वर्षांनी फोनवर म्हणाला की इथल्याच एका मुलीशी लग्न करायचंय. मी म्हटलं, म्हणजे इंग्रज. तो म्हणाला, इंग्रज नाही, वेल्श, आणि तिच्यासमोर चुकूनही इंग्रज म्हणू नकोस. झालं! अजून कशात काही नाही, तर काय बोलायचं आणि काय नाही याचे धडे मला सुरू झाले.

आमच्याकडे सोयरिक म्हटली की आधी चौकशी. स्थळ अमळनेरचं असो नाहीतर यावलचं, दोन दिवसांत सगळी कुंडली हातात येते. एखादा ओळखीचा कंडक्टर असतो, मुलीच्या मामाच्या गावचं कोणीतरी भेटतं. घरात पिणं आहे का, भावाभावांत कोर्टकचेऱ्या आहेत का, एखादी लेक सासर सोडून आली आहे का, सगळं कळतं. माझ्या लग्नाच्या वेळी सासरचा एक माणूस असोद्याहून थेट धुळ्याजवळच्या आमच्या गावी आला होता आणि विहिरीत डोकावून पाणी किती ते बघून गेला होता. आता वेल्समध्ये मी कोणाला विचारणार? मुलाला हेच म्हटलं. ना गाव माहीत ना गोत, माणसं कशी आहेत ते कळावं कसं? तो वैतागून म्हणाला, पुस्तकच पाठवतो, त्या लोकांचा पहिल्यापासूनचा सगळा इतिहास आहे त्यात, बस वाचत. आणि खरंच पाठवलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याचा एक मित्र सुट्टीवर आला होता, तो दारात देऊन गेला.

मी मुलाला फोन केला आणि सांगितलं, वाचून झालं की सांगते. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. हो म्हणायला नको, नाही म्हणायला नको.

मग मी वाचायला बसले. गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातलेल्या, मी जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेली, एका हातात चिमण्या हाकलायला काठी आणि मांडीवर वेल्श लोक. नावं तर अशी की अक्षरं सगळी दिसतात, पण तोंडात काही येत नाही. मी त्यांना थोरला, धाकटा, मधला अशी नावं देऊन टाकली. इंग्रजी वाचायची सवय होती, पण ते पुस्तक मी इतिहास म्हणून वाचतच नव्हते. खोट शोधत होते.

आणि सापडली की! त्यांच्यात जुन्या काळी बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची. त्यातून राजघराण्यातले भाऊ एकमेकांवर उठले, भावाने भावाचे डोळे काढले. मी लगेच धुळ्याला अक्काला फोन लावला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला म्हटलं, बघ, भाऊबंदकी आहे, आणि साधीसुधी नाही. अक्का म्हणाली, आपल्या काकांनी बांधावरचा लिंब तोडला तेव्हा विळे निघाले होते, ते विसरलीस का? मी फोन ठेवला.

पुढे त्यांच्या जुन्या कायद्याचं प्रकरण आलं. नवऱ्याच्या तोंडाला घाण वास येत असेल तर बाई त्याला सोडून जाऊ शकायची, आणि जाताना तिचं तिला मिळायचंही. मी पुस्तकावरून डोळे उचलून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ते तंबाखू मळत होते. मुलाला मात्र मी फोनवर म्हटलं, अरे, ह्यांच्यात बायकांना घर सोडायची जुनी सवय दिसते. तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी थट्टा करत नाहीये, आणि त्याने फोन ह्यांच्याकडे द्यायला सांगितलं. खरं तर ते वाचताना मला त्या बायकांचा हेवा वाटला होता, पण हे मी त्याला सांगितलं नाही.

आमचे हे म्हणायचे, पोराला आवडली ना, मग झालं. त्यांचं सगळं तसंच असतं. मला मात्र दारूचा उल्लेख सापडला की बरं वाटायचं, आणि पुढच्याच पानावर त्यांनी रविवारी गुत्ते बंद करायला लावले असं आलं की राग यायचा. दगडाच्या आणि कोळशाच्या खाणींत माणसं मेली, ती पानं मी भराभर उलटली, कारण त्यात मला उपयोगाचं काही नव्हतं. शाळेत आपली भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत, असं एक पान होतं. तेवढ्या पानावर मात्र मी थांबले. अक्काशी मी अहिराणीत बोलते, आणि माझ्या मुलाला ती धड समजतही नाही. पण मी पान उलटलं. त्यातून मुलीची खोट निघत नव्हती.

श्रावणात आमच्या खान्देशातली कानबाई देवी घरी आली. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजतात, मुलाच्या नावाचेही मोजले. रोटाचा प्रसाद भाऊबंदांच्या बाहेर जात नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्याने फोनवर हळूच विचारलं की पुढच्या वर्षी ती आली तर तिला प्रसाद दिलेला चालेल ना. घरची सून झाली तर का चालणार नाही? पण मी म्हटलं, अजून पुस्तक व्हायचंय.

त्याच सुमाराला मला कळलं की मुलीला तिच्या आजीने वाढवलंय, आणि ती आजी दर रविवारी एकच विचारते. आजीचं गाव डोंगरातल्या एका खोऱ्यात होतं. इंग्लंडातल्या एका मोठ्या शहराला पाणी हवं होतं, म्हणून ते खोरं धरणाखाली घातलं. त्यांच्याकडच्या जवळजवळ सगळ्या खासदारांनी विरोध केला, तरी घातलं. आजी तेव्हा लग्नाच्या वयाची होती. भारतातली एक बाई आपला इतिहास वाचते आहे म्हटल्यावर म्हातारीला कोण कौतुक! नातीला म्हणाली, बघ, असं सासर कोणाला मिळतं, पोरगी घरात घ्यायची तर आधी तिच्या माणसांची ओळख करून घेतात. आणि दर रविवारी मुलगा मला तिचा प्रश्न सांगायचा: त्या आमच्यापर्यंत आल्या का?

मी म्हणायची, अजून नाही.

दिवाळीच्या आधी मी त्या पानावर पोचले. गाव होतं, पण दोन वाक्यांत. एका वाक्यात खोरं बुडालं आणि दुसऱ्या वाक्यात लोक चिडले, की पुढे राजकारण सुरू. मी ते पान दोनदा वाचलं. माझ्या चुलत सासूबाईंचं माहेर तापीवरच्या धरणात गेलं. कोणी इतिहास लिहिला तर त्यांच्याही वाट्याला तेवढंच येईल, असं मनात आलं. फराळाला लागायच्या आधी मी पुस्तक संपवलं. खोट सापडली नव्हती. आपल्यात असतं ते सगळं त्यांच्यात होतं.

आणि तरीही मी मुलाला म्हटलं, थोडं राहिलंय.

का म्हटलं? मुलगी नको होती असं नव्हतं. तिचा फोटो मी चोरून कितीदा पाहिला होता, एकदा ती पडद्यावर आली तेव्हा "नमस्कार काकू" म्हणाली आणि लाजली, तेही मला आवडलं होतं. पण हो म्हटलं की मुलगा तिकडचा झाला. तो आता परत येणार नाही हे माझ्याच तोंडून निघणार, आणि ते मला काढायचं नव्हतं. नाही म्हणायला कारण मिळालं नाही, म्हणून मी नुसती बसून राहिले. संक्रांत गेली. दर रविवारी तो विचारायचा, आणि दर रविवारी माझं शेवटचं प्रकरण चालूच. पुढे पुढे तो विचारताना माझ्याकडे बघेनासा झाला. मला वाटतं त्याला कळलं होतं.

अक्काला तर कळलंच होतं. ती एक दिवस सरळ म्हणाली, "तू पुस्तक वाची राहिनी का त्या पोरगीले टांगी ठेवी राहिनी?"

मी तिच्यावर चिडले. दोन दिवस बोलले नाही.

होळी झाल्यावर मुलाचा फोन आला तो रविवार नव्हता. आजी दवाखान्यातून घरी आली होती, आणि आता फार दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणत होते. म्हातारीला माझ्याशी बोलायचं होतं. मुलगा म्हणाला, "आई, खोटं बोलायचं असेल तर मला सांग, मी नेट बंद आहे म्हणून सांगतो."

मी पुस्तक घेऊन बसले. हे शेजारी येऊन बसले, तंबाखू न मळता. पडद्यावर एक पलंग आला, पांढऱ्या केसांची एक लहानशी बाई, आणि तिच्या उशाशी ती मुलगी. मुलगा मागे उभा. आजीला कानाने कमी ऐकू यायचं. मी इंग्रजीत बोललेलं मुलगी तिच्या कानाशी वाकून त्यांच्या भाषेत पुन्हा सांगत होती. आजीने तेच विचारलं, की आमच्यापर्यंत आल्या का. मी म्हटलं, आले. मग ती म्हणाली, वाचून दाखवा.

मी ती दोन वाक्यं वाचली. मुलीने ती कानात सांगितली. आणि आजी पुढचं ऐकायला तशीच थांबून राहिली. मला इतकी लाज वाटली! इतके महिने जिला टांगून ठेवलं तिला दोन वाक्यं देऊन कसं उठायचं? माझी नजर पानावरच होती, आणि मी पुढे वाचत राहिले. पानावर नसलेलं. म्हटलं, जायच्या आदल्या दिवशी बायकांनी घरं झाडून काढली. पाणी येणार हे माहीत होतं, तरी चूल पुसली, उंबरा धुतला, आणि मग दाराला कडी लावली. हे माझ्या चुलत सासूबाईंच्या आईने केलं होतं. सारवून घेतलं होतं तिने घर, पाण्यात जाणारं. ते मी उचलून तिकडे नेलं, फक्त शेण काढून टाकलं.

मुलगी एकेक वाक्य कानात सांगत गेली. मग म्हातारी जे बोलली ते मुलीने मला सांगितलं. "आजी म्हणते, पुस्तकात हे नाहीये. ते पुस्तक तिच्याकडे आहे, ते पान तिला पाठ आहे. पण तिच्या आईने घर झाडलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

मी आमच्या धरणाचं सांगितलं. सांगताना रडले, आणि त्यात म्हातारीसाठी किती आणि स्वतःसाठी किती, ते मला आजही सांगता येणार नाही. आजीने मान डोलावली. मग तिने आणखी एक विचारलं, आणि मुलीने ते मला सांगताना खाली पाहिलं. ते पान तुम्ही कधी वाचलं?

मुलगा मागे उभा होता. हे शेजारी होते. मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी."

दिवाळी कधी असते हे त्या मुलीला चांगलं माहीत होतं. तिने आणि मुलाने तिकडे पणत्या लावल्या होत्या, फोटो पाठवले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग ती वाकली आणि आजीच्या कानात एकच शब्द बोलली. आजीचा चेहरा उजळला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने, माझ्यासाठी मुद्दाम इंग्रजीत म्हणाली, "काल! काल वाचलं आणि आज लगेच आल्या!"

सासूची बाजू लोकांसमोर अशी सांभाळून घ्यायची असते, हे आम्ही आमच्या लेकींना सासरी पाठवताना शिकवतो. हिला कोणी शिकवलं होतं? आणि मी तर अजून तिची सासूही झाले नव्हते. मुलाने माझ्याकडे पाहिलं, कितीतरी रविवारांनी पहिल्यांदा. मी हो म्हटलं. म्हातारीला ऐकू जावं म्हणून दोनदा म्हटलं, आणि ते मुलीने कानात सांगायची वाट न बघता आजीने नातीचा हात धरला.