चार खांदे

"हे काय देऊन राह्यला बाप्पा? म्हातारे हायेत माहे, म्हशी नाई."

सिस्टरांनी माझ्या हातातलं मऊ पडलेलं वांगं परत माझ्याच टोपलीत टाकलं आणि खालचं ताजं उचललं. फुकट मागायला यायचं आणि वर निवडून घ्यायचं, हा रुबाब अकोटच्या भाजीबाजारात दुसऱ्या कुणाला जमत असेल तर सांगा.

सिस्टर मूळच्या केरळच्या. गावाबाहेर त्यांच्या मिशनचा निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम होता. राखाडी साडी, गळ्यात क्रूस, हातात दोन थैल्या. मराठी आमच्याच बाजारात शिकल्या, म्हणून बोलणंही आमच्यासारखंच रोखठोक. कुणी म्हणालं, "सिस्टर, आज माल कमी हाये," तर म्हणायच्या, "मंग कमीतला चांगला दे." आम्ही हसायचो आणि द्यायचो.

त्या आश्रमात गणपत राहायचा. आमच्याच बाजारातला हमाल. गुडघे गेले तेव्हा सिस्टरांनीच त्याला नेलं. मुलगा सुरतेला गेला तो परत फिरकला नाही. गणपतला मरणाची भीती नव्हती, बेवारस जाण्याची होती. थंडीत मेलेल्या एका भिकाऱ्याला नगरपालिकेच्या गाडीत टाकून नेलेलं त्यानं पाहिलं होतं.

"मले तसं पाठवू नका," तो सिस्टरांना पुन्हा पुन्हा सांगायचा.

"नाई पाठवत. जेव आता."

एका सकाळी सिस्टर रिकाम्या हातांनी आल्या.

"आज भाजी नको. गणपत गेला. चार खांदे पाह्यजे."

ऐन विक्रीची वेळ. कुणी तराजूकडे पाहिलं, कुणी गिऱ्हाइकाकडे. सिस्टर कसल्या थांबतात? वांगी निवडायच्या त्याच नजरेनं त्यांनी आम्हाला निवडायला सुरुवात केली. "तू चाल. तू बी. तू नको, तुही पाठ दुखते, तू याचं दुकान पाह्य." बघता बघता आम्ही चौघं त्यांच्या मागं निघालो.

स्मशानात प्रश्न निघाला, अग्नी कोण देणार? मुलाचा फोन लागत नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो, तोवर सिस्टरांनी पाण्याचं मडकं उचललं.

"मी देईन."

लाकडं रचणारा चाचरला. "सिस्टर, तुमच्या धर्मात चालते काय?"

"माह्या धर्माचं मी पाहून घेईन. त्याच्या रीतीनं अग्नी देईन, असा शब्द देला होता त्याले."

पदर खोचून, मडकं खांद्यावर घेऊन त्या चितेभोवती फिरल्या. ओठ हलत होते, त्यांची प्रार्थना चालू असावी. माझा बाप गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी मात्र मला आवरेना.

पुढे बाजारात ती थट्टाच होऊन बसली. "सिस्टर, माह्या टाइमाले बी या." त्या म्हणायच्या, "नंबर लावा. अन् तवरोक कोथिंबीर द्या."

मग त्यांची बदली झाली, परत केरळात. दोनेक वर्षांनी आश्रमातली नवी सिस्टर सांगत आली, त्या गेल्या. माती होऊन आठवडा उलटला होता.

"खांदा कोनं देला?" मी विचारलं. तिला ते ठाऊक नव्हतं.

केरळ लांब आहे, कबूल. पण आम्ही गाळे बंद करून गेलो असतो. त्या वेळी आम्हाला निवडायला कुणी आलंच नाही.