नवा साहेब यायच्या आधीचे अर्ज

अर्ज लिहिणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. अर्ज जातो कचेरीत, अर्जदार जातो गावाला, आणि जे अर्जात बसत नाही ते राहतं आपल्यापाशी! धाराशिवच्या कचेरीबाहेर लिंबाखाली मी उभी हयात काढली. पण चार माणसं जमली की फर्माईश एकच: "पंत, नवा साहेब यायच्या वेळचं सांगा."

तर पोलीस ॲक्शन नुकतीच झालेली, निजामाचं राज्य भारतात सामील झालेलं. निजामाचा तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा मोठा अंमलदार, निघून गेला होता. नवा कलेक्टर येणार एवढंच कळलेलं. कोण, कुठला, कडक की मवाळ, काही पत्ता नाही! आणि अख्ख्या जिल्ह्याला त्या न पाहिलेल्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं.

लिंबाखाली आम्ही दोघं. मी मराठी लिहायचो, करीम मुन्शीजी उर्दू. निजामाच्या राज्यात कचेरी चालायची उर्दूत, त्यामुळं गर्दी त्यांच्याकडं आणि मी माशा मारत. आता एकदम उलटं झालं! उर्दू कागद दिसला की नवा साहेब भडकणार, असं कुणीतरी उठवलं. लोक मुन्शीजींना सलाम करायचे आणि माझ्यापुढं येऊन बसायचे. मुन्शीजी सकाळी दौत उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे.

*

पहिली पंचाईत, साहेबाला म्हणायचं काय?

बेंबळीचे नामदेवतात्या आले. शेताकडं जायची वाट शेजाऱ्यानं काटे टाकून अडवलेली. मी मुन्शीजींना विचारलं, "तालुकदारांना काय काय लिहायचात?" त्यांनी एका दमात सगळे किताब म्हणून दाखवले. मी त्यांचं मराठी करत गेलो. उगीच एखादा राहिला आणि साहेब नाराज झाला तर?

तात्या बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पंत, ह्यात माजी वाट कुठं हाय?"

"येतीय, तात्या."

"लवकर आणा! न्हायतर साहेब वरच्यावरच खूश हुईल आन् कागद ठिवून दिल!"

*

त्याच अर्जाच्या शेवटी आणखी एक अडचण निघाली. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. एरवी डोळे झाकून उस्मानाबाद लिहिलं असतं. आता नव्या साहेबाला कुठलं आवडेल, सांगता येईना.

"तात्या, मुक्काम काय लिहू? उस्मानाबाद का धाराशिव?"

तात्यांनी उत्तर द्यायच्या आधी मान वळवून सगळ्या आवारावर नजर फिरवली. मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आज हितं कोण कोण हाय?"

*

उमरग्याचे एक कापड दुकानदार बसनं खास आले. म्हणाले, "एक अर्ज मराठीत लिहा, एक उर्दूत. कन्नड मी घरूनच लिहून आणलाय. साहेब कुठलाबी असंल, त्याला वाचता आला पायजे."

मी कागद पुढं ओढला. "बोला, तक्रार काय?"

"तक्रार काई न्हाय."

"मग मागणी?"

"तीबी न्हाय."

"अहो शेठ, मग अर्ज कशाला?"

शेठ घाम पुसत म्हणाले, "सगळ्या जिल्ह्याचे अर्ज गेले आन् माझाच न्हाय गेला, तर साहेबाला वाटंल, ह्यो येवढा गप का?"

मी लिहिलं: 'अर्जदारास काहीही म्हणावयाचे नाही.' शेठनी ते दोनदा वाचून घेतलं, आणि मग विचारलं, "जरा जास्त झालं का हो?"

*

जिल्ह्यातल्याच वाशीच्या एका कारकुनाची तर झोपच उडालेली. वर्षभरापूर्वी त्यानं बढतीसाठी अर्ज केला होता. मुन्शीजींनीच लिहिलेला. त्यात 'हयातभर सरकारशी इमानदार राहीन' असं वाक्य होतं. आता तो कागद कचेरीतच कुठंतरी, आणि सरकार मात्र दुसरं!

"पंत, असं लिहा, की ते वाक्य रद्द समजावं."

मी म्हटलं, "अहो, त्यांनी पाहिलं नसेल तर तुम्हीच दाखवून द्याल!"

कारकून रडकुंडीला आला. मुन्शीजींनी दौतीवरून मान वर केली. ते म्हणाले, "मियाँ, हयात किसकी लिखी थी मैंने? आपकी के सरकार की?"

"आठवत न्हाय, मुन्शीजी."

"सरकार की लिखी हुएंगी. वो तो खतम हो गई. जाओ, घर जाओ!"

तो माणूस इतका हलका झाला, की अर्ज न करताच वाशीला गेला!

*

निनावी अर्जांचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. निजामाच्या बाजूनं गावं लुटणाऱ्या वर्दीवाल्या टोळ्यांना कुणी साथ दिली, याचे कागद रोज पडायचे, आणि कागद पडला की माणूस उचलला जायचा.

एक जण माझ्याकडं बसला. चांगला खातापिता शेतकरी. शेजाऱ्याविरुद्ध लिहायचं होतं, की त्यानं त्या लोकांना घरात जेवू घातलं. नाव घालायचं नाही.

मी विचारलं, "तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं न्हाय."

"मग कशावरून म्हणता?"

"चूल तर पेटली हुती की त्येच्या घरात!"

मी टाक खाली ठेवला. "हे माझ्या हातून व्हायचं नाही." तो उठला. जाताना फक्त विचारलं, "पंत, तुमचं घर कुठल्या आळीला?"

त्या दिवसापासून आमच्या घरी चूल पेटवायच्या आधी बायको दार लोटून घ्यायची.

*

आता शेवटचं. यूसुफ सुटून घरी आला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. आमचा टांगला होता तेवढा पुरे.

यूसुफ मुन्शीजींचा मुलगा. त्यालाही कुणाच्या तरी कागदावरून उचललं. मुन्शीजी लिंबाखाली आले, पण त्या दिवशी दौत उघडली नाही. माझ्यापुढं येऊन अर्जदारासारखे उकिडवे बसले.

"पंत, मेरा एक अर्ज लिखो. मराठी में."

"मुन्शीजी, तुमचं अक्षर सोडून माझं?"

"मेरा अक्षर आज मेरे बच्चे के काम का नई."

मी लिहायला घेतलं. 'अर्जदाराचा मुलगा निर्दोष असून' इथवर आलो आणि वाचून दाखवलं. त्यांनी हात आडवा केला. "वो काटो. घर भेज दो, इतनाच लिखो." मी खोडलं. वाटलं, माणूस खचलाय, वाद कशाला घाला.

आणि चार दिवसांनी साहेब आला. उत्तरेकडचा निघाला, उर्दूत शिकलेला! इंग्रजी नाहीतर उर्दू, तिसरी लिपी त्याला लागेना. टेबलावर मराठी अर्जांचा ढीग, उर्दूवाले जुने कारकून धास्तीनं घरी, आणि साहेब बघतोय शिपायाच्या तोंडाकडं! शिपाई धावत आला, "उर्दू जाननेवाला कोन हाय?" सगळं आवार मुन्शीजींकडं वळलं. ज्यांनी त्यांना महिनाभर टाळलं होतं, तेच आता वाट करून देत होते.

आम्हा दोघांना आत बसवलं. मी मराठी वाचायचं, मुन्शीजींनी उर्दूत सांगायचं, साहेबानं कडेला शेरा मारायचा. असं दुपारपर्यंत चाललं. आणि मग माझ्या हातात तो कागद आला. मी थांबलो. मुन्शीजींनी माझ्याकडं पाहिलं, त्यांना कळलं. "पढो," ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी उर्दूत सांगितलं, दुसऱ्याच्या अर्जासारखंच. आवाज जराही हलला नाही.

साहेबानं विचारलं, "ये अर्जदार बाहर खड़ा है क्या?"

"नहीं साहब. मैं ही हूँ."

साहेबानं पेन खाली ठेवलं.

"लड़के ने किया क्या था?"

"मालूम नहीं, साहब."

"बाप हो. पूछा नहीं?"

"नहीं पूछा."

"क्यों?"

मुन्शीजींनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट सरळ केला आणि साहेबापुढं ठेवला.

"पूछता, तो लिखना पड़ता."