आईच्या मापाचा ओटा

शेजारी स्वयंपाकाचा ओटा फोडताहेत. नव्यासाठी कालवलेल्या सिमेंटचा वास खिडकीतून आत आला आणि फरीदाबादची ही आमची वसाहत मला पुन्हा अर्धवट बांधलेली दिसायला लागली.

सरकारी योजनेतली ही घरं स्वस्त होती, कारण मजुरी बरीचशी आमचीच होती. कुठलं घर कुणाला, ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरणार, म्हणून सगळ्यांनी सगळ्या घरांवर राबायचं. आईची चण लहान. भाड्याच्या खोल्यांत ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. इथल्या एका घरात तिने मिस्त्रीकडून ओटा आपल्या मापाचा बांधून घेतला. रोज संध्याकाळी त्यावर पाणी मारायची, हात फिरवायची. "हेच मिळणार बघ आपल्याला."

मिळालं शेजारचं, नेहमीच्या उंच ओट्याचं. तिचा ओटा गेला उंचनिंच सरोज आंटींकडे. त्या ओट्यावर वाकून म्हणाल्या, "बहनजी, मेरी तो कमर टूट जाएगी." दोघी मिळून योजनेच्या साहेबांकडे गेल्या, घरं बदलून द्या म्हणाल्या. साहेबांनाही वाईट वाटलं. "नियम नहीं है जी. आपस में बदला तो दोनों का मकान रद्द."

एक वाकणार, एक चढणार, म्हणून मी तेव्हा हसले होते. पुढे आयुष्यभर, रोज दोन वेळा, तसंच झालं.

आंटी आता नाहीत. त्यांची सून नवा, उंच ओटा घालतेय. घण पडला की आमचीही भिंत हादरते. आईने पायाने पाट पुढे ओढला, माझ्या खांद्याला धरून वर चढली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.