सुभेदारांचे कान आणि कुसुमताईंचा गळा

हेडफोनची पिन मी मशीनमधून काढून हातात धरली होती. काचेपलीकडे बसलेले सुभेदार भोयर तरीही बटण दाबत होते.

हेडफोनमधून बारीक आवाज आला की रुग्णाने बटण दाबायचं, एवढी साधी ती टेस्ट असते. पिन काढल्यावर हेडफोनमधून मुंगीच्या पावलाइतकाही आवाज जात नाही. मी आवाज सोडायची कळ दाबली. सुभेदारांनी बटण दाबलं. पुन्हा दाबली. पुन्हा त्यांचं बटण. तोफखान्यात चोवीस वर्षं काढलेला सत्तरीचा माणूस, आणि न सोडलेला आवाजही ऐकत होता.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोक मला कानाची डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं, श्रवणयंत्र बसवायचं, आणि कुणाचा आवाज बिघडला असेल तर त्याच्याकडून गळ्याचे व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. नागपूरच्या रामदासपेठेत एका कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये मी ते करते. स्वभाव जरा तापट आहे. ऐकू न येणाऱ्यांशी दिवसभर बोलून तो तसा झाला, असं मी घरी सांगते. घरचे म्हणतात, आधीपासूनच होता.

पिन काढण्याची वेळ आली ती पहिल्या रिपोर्टमुळे. त्या सकाळी सुभेदार आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई नंदनवन कॉलनीतून आले. मी नाव विचारलं तर सुभेदारांनी पत्ता सांगितला. वय विचारलं तर म्हणाले, "हो, चहा घेऊन राहिलो होतो आत्ताच." मधेच कुसुमताई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडत, तेव्हा गाडी रुळावर येई. एवढं सगळं होऊन टेस्ट घेतली, तर आलेख एकदम चोख. तो घेऊन मी सरांकडे, म्हणजे क्लिनिकच्या डॉक्टरांकडे गेले.

सरांनी कागद पाहिला. "हा वीस वर्षांच्या पोराचा आहे."

"सत्तरीच्या सुभेदारांचा आहे, सर."

"मग मशीन बिघडलंय, नाही तर तू."

मशीन कालच तपासलेलं होतं. म्हणजे उरले मीच. चडफडत परत आले आणि पिन काढली.

मग एकदाचं लक्ष गेलं. मी आवाज सोडला की माझ्या मशीनवर एक छोटा लाल दिवा लागतो. तो माझ्या सोयीसाठी असतो, रुग्णाला दिसत नाही. कुसुमताईंना मात्र मीच शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं, बाईमाणूस किती वेळ उभी राहणार म्हणून. दिवा लागला की त्यांचा हात सहज गेल्यासारखा बांगड्यांवर जाई. तिकडे काचेतून सुभेदारांची नजर त्या बांगड्यांवर, आणि अंगठा बटणावर. इतकी वर्षं हे काम करते मी, पण माझ्या नाकाखाली बसून अशी कॉपी कोणी पुरवली नव्हती.

मी खुर्ची फिरवली आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, हे काय चाललंय.

कुसुमताई ओशाळल्या नाहीत. "सवय आहे, मॅडम. यायले नापास झालेलं पाहवत नाही मले."

इथे पास-नापास काही नसतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. बँकेत, लग्नात, नातवाच्या शाळेत, सगळीकडे हेच चालत आलं होतं. कुणी काही विचारलं की कुसुमताईंनी खूण करायची आणि सुभेदारांनी बरोबर उत्तर द्यायचं. तोफांजवळ उभं राहून कान गेले. त्या काळी कानात कापूस घातला की झालं, असं होतं. निवृत्त होऊन घरी आले तेव्हाच निम्मं ऐकू येत नव्हतं, पुढे उरलेलंही गेलं. त्याआधी चोवीस वर्षं कुसुमताईंनी दोन मुलींसह घर एकटीने ओढलं होतं. घराचा स्लॅब टाकला त्या दिवशीही सुभेदार सीमेवर, आणि या डोक्याला पदर बांधून गवंड्यांवर लक्ष ठेवत उभ्या. तो माणूस एकदाचा घरी आला, तर त्याचे कान राहिले तिकडेच.

मग आताच का आलात, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला कॉलनीच्या मैदानात झेंडावंदन होतं. सुभेदार पहिल्या रांगेत होते. कॉलनी समितीचे सेक्रेटरी वानखेडे सर माईकवर म्हणाले, शहीद झालेल्या जवानांसाठी दोन मिनिटं शांतता पाळू या. सगळे उभे राहिले. सुभेदारांना वाटलं, आपल्याला बोलायला उठवलंय. ते पुढे झाले आणि त्या शांततेत मोठमोठ्याने सगळ्यांचे आभार मानू लागले. बायकांच्या घोळक्यात अडकलेल्या कुसुमताई त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत दीड मिनिट गेलं. मागे दोन मुलं फिदीफिदी हसली. सुभेदारांच्या स्वतःच्या तुकडीतली चार माणसं गेलेली होती, आणि त्यांच्यासाठीच्या शांततेत हे बोलत राहिले. त्या दिवसापासून ते मैदानाकडे फिरकले नव्हते. आता येत्या सव्वीस जानेवारीला समितीने त्यांचा सत्कार ठरवला होता आणि ते नाही म्हणून बसले होते.

"एकदा तरी यायनं तिथं ताठ मानेनं उभं राहावं, मॅडम. बाकी काही नाही मांगत मी," कुसुमताई म्हणाल्या.

सव्वीस जानेवारीला तीन आठवडे होते. मी कुसुमताईंना बाहेर बसवलं आणि टेस्ट पुन्हा घेतली. आता खरा आलेख आला. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचे आवाज जवळजवळ गेलेले होते. अशा माणसाला कुणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. सरांनी नवा कागद पाहिला आणि म्हणाले, "हं, आता मशीन सुधारलं." तूही सुधारलीस, असं काही म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसवली. पहिल्यांदा यंत्र चालू करताना मी नेहमी घरच्या माणसाला बोलायला लावते, कारण ओळखीचा आवाज कानाला आधी सापडतो. कुसुमताईंना म्हटलं, ओरडू नका, साधं बोला. साधं कसं बोलायचं, यावर त्या थोडा वेळ अडखळल्या. मग म्हणाल्या, "अहो, ऐकू येते का?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आनंद होईल म्हणून मी वाट पाहत होते. त्यांचा चेहरा पडला.

"तुहा आवाज असा नव्हता वं," ते म्हणाले.

मला चपराक बसल्यासारखं झालं. तो घोगरा, चिरलेला, मधेच फुटणारा आवाज मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते. आवाज हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. तरी एकदाही मनात आलं नाही की हाही रुग्णाचा आवाज आहे. ओरडणाऱ्या बाईचा आवाज असाच असणार, असं धरून चालले होते. नवऱ्याने वीस वर्षांनी तो पहिल्यांदा नीट ऐकला आणि एका वाक्यात ओळखलं.

त्याच दिवशी सरांनी दुर्बीण घालून त्यांचा गळा पाहिला. स्वरतंतूंवर गाठी होत्या. घाबरण्यासारख्या नव्हत्या. सतत ओरडणाऱ्यांना होतात, आपल्या हाताला घट्टे पडतात तशा. उपाय एकच, आधी आठवडाभर संपूर्ण मौन, मग माझ्याकडे गळ्याचे व्यायाम आणि दिवसाला पाच मिनिटं हळू आवाजात बोलणं. हे ऐकून कुसुमताई बोलायला तोंड उघडतात तोच सुभेदारांनी हात वर केला.

"बस. आजपासून तू चूप. मी ऐकतो."

लग्नानंतर आपण पहिल्यांदाच हिला चूप म्हणालो, हे त्यांनी मला जाताना हळूच सांगितलं. म्हणजे त्यांना हळू वाटलं. बाहेर बसलेले सगळे रुग्ण हसले.

आठ दिवसांनी वानखेडे सरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, आवाज एकदम वर्गातला.

"मॅडम, काकूंले बोलायची परवानगी केव्हा देऊन राहिल्या तुम्ही?"

मी म्हटलं, काहून? म्हणजे, का? नागपुरात जन्म गेला, चिडले की माझंही काहून निघतं.

त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी फोन बाजूला धरून हसले. त्यांच्या गल्लीत पाणी येतं ते ठरलेल्या वेळी नाही. वीस वर्षं कुसुमताई आतल्या खोलीतल्या सुभेदारांना ओरडून सांगत, "अहो, नळ आला!" आणि सगळी गल्ली भांडी घेऊन धावे. कचऱ्याची गाडी आली, गॅसवाला आला, कोपऱ्यावरच्या घरी पाहुणे आले, हे सगळं गल्लीला त्यांच्याच तोंडून कळे. कुणी कधी घड्याळ पाहिलंच नाही. आता आठ दिवसांत कितीतरी घरांचं पाणी हुकलं होतं. एका घरी तर कचरा चार दिवस पडून होता.

परवानगी मिळणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तुमच्या नळासाठी त्या बाईचा गळा नाही, तुम्हीच काहीतरी करा. "बरोबर आहे," वानखेडे सर म्हणाले, आणि मलाही कार्यक्रमाला यायचं आमंत्रण देऊन फोन ठेवला.

मी गेले. क्लिनिकमधले सर म्हणाले होते, सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन तू काय करणार? खरं सांगायचं तर मला धास्ती होती. बंद खोलीत यंत्र छान चालतं. मैदानात वारा, भोंगा, माणसांची गडबड, तिथे यंत्राची परीक्षा असते. मी सुभेदारांच्या यंत्रात मैदानासाठी वेगळी सेटिंग करून दिली होती, पण ती माझ्या टेबलाशी बसून केलेली.

सकाळी कडाक्याची थंडी होती. सुभेदार पहिल्या रांगेत बसले होते, कोट, टोपी, छातीवर पदकं. कुसुमताई मुद्दाम शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी पाटीवर खडूने लिहून मला दाखवलं, "खूण करणार नाही." पाच मिनिटांची सूट त्यांनी सकाळपासून वापरलीच नव्हती.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. वानखेडे सर माईकवर आले. "आता शहीद जवानांसाठी आपण," एवढं म्हणाले आणि भोंग्याने कान फाटेल अशी शिट्टी मारली. पुढचे शब्द त्या शिट्टीत गेले. मला स्वतःला ते नीट ऐकू आले नाहीत. सगळे उभे राहू लागले. सुभेदारही उठले. अगदी मागच्या वेळेसारखंच. कुसुमताईंचं तोंड उघडलं, मानेची शीर ताठ झाली. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि डोळे मिटले.

सुभेदार पुढे गेले नाहीत. शिट्टीआधीचे 'शहीद जवानांसाठी' एवढे शब्द त्यांना पुरले होते. हात बाजूला, टाचा जुळलेल्या, सावधान. मैदानात नुसता वारा होता आणि दूर कुठेतरी ऑटोचा हॉर्न. तो हॉर्नही त्यांनी ऐकला, कारण मान किंचित हलली. दोन मिनिटं मी आयुष्यात इतकी मोजली नव्हती. लोक खाली बसले तेव्हा मी कुसुमताईंना सांगितलं, उघडा डोळे. त्यांनी उघडले, आणि सुभेदारांना बसताना पाहून पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले. आवाज न करता, कारण मीच तसं शिकवलं होतं.

मग नाव पुकारलं गेलं आणि सुभेदार पहिल्या हाकेला उठले. शाल, श्रीफळ झालं. माईकवर ते थोडंच बोलले.

"मागच्या वेळी शांततेत मी बोललो होतो. माह्या तुकडीतल्या पोरांची मी आज माफी मागून घेतली. चोवीस वर्षं घर हिनं सांभाळलं, वीस वर्षं माहे कान हिनं सांभाळले. मले पदकं भेटली. हिले गाठी भेटल्या."

वानखेडे सरांनीच पुढे होऊन कुसुमताईंना बोलावलं. त्या नाही नाही म्हणत मान हलवत होत्या, बायकांनी उठवून नेलं. त्यांच्यासाठी शाल नव्हती. टेबलावर कापडाखाली पितळेची घंटा होती, शाळेत टांगतात तशी. वानखेडे सरांची शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा ही जुनी घंटा त्यांनी जपून ठेवली होती.

"काकू, नळ आला की हिच्यावर एक टोला द्या. गल्ली येईल. गळ्याले त्रास नको आता," वानखेडे सर म्हणाले.

त्यांच्या गल्लीची माणसं एकेक करत उभी राहिली. फिदीफिदी हसलेली ती दोन मुलंही त्यात होती, असं मला नंतर कळलं, आता मिशा फुटलेली. टाळ्या वाजत राहिल्या. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं, बोलू का, असं. मी पाच बोटं दाखवली.

त्या माईकजवळ गेल्या. सगळं मैदान कान देऊन बसलं. त्यांनी ओरडायचं नाही म्हणून तोंड माईकपासून इतकं लांब धरलं की तो आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे गेलाच नाही.

"चला, पोहे थंडे होऊन राहिले."

सुभेदार मंचाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. सगळ्यांत आधी तेच हसले.

तर्री-पोहे थंडच झाले होते. मी दोन प्लेट खाल्ले.

क्लिनिकमध्ये आता दोन बदल आहेत. नातेवाइकांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. आणि कान तपासायला आलेल्या माणसाला मी नंतर बोलावते, त्याच्यासोबत आलेल्या माणसाला आधी बोलायला लावते. पिन मात्र अजूनही अधूनमधून काढून पाहते.