उस्तादांच्या चपला

दुसरी चावी मीच दिली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला चांगला माणूस समजाल, आणि ते मला सोसणार नाही.

तुम्हीही पाहिलं असेल, स्वतःची गाडी असलेला ट्रकवाला केबिनमध्ये चढताना चपला काढतो, घरात शिरावं तसा. आमचे उस्ताद मात्र चपला घालूनच चढत. कोणी टोकलं तर म्हणत, "ही शेठची हाय. आपली होईल तेव्हा काढीन."

उस्ताद रोह्यापलीकडच्या अष्टमीचे. काही वर्षं मस्कतला ट्रक चालवून परत आलेले. "दुसऱ्याचीच चालवायची, तर बायकोच्या हातचं खाऊन चालवीन," असा त्यांचा हिशेब. डोलवीच्या कारखान्यातून ते पोलादी पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, वाहत. मी वडखळला त्याच शेठच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत सुपरवायझर. कोणाला कोणती खेप द्यायची, ते माझ्या हातात.

एकदा शेठने योजना काढली. गाडी कंपनीची, चालवायची ड्रायव्हरने. डिझेल, टायर, दुरुस्ती त्याचीच. खेपांच्या पैशातून हप्ता कापायचा आणि सगळे हप्ते फिटले की गाडी त्याच्या नावावर. मधे हप्ते चुकले, तर गाडी परत आणि भरलेलं सगळं गेलं.

चहाच्या टपरीवर ड्रायव्हरांची रोज चर्चा झडायची. खांब गावचा एक जण उस्तादांना म्हणाला, "ही तर लग्नाआधीच सासऱ्याची गुरं चारायची गोष्ट झाली. पोरगी मिळंलच असं काय नाय!"

"पोरगी देखणी हाय पण," उस्ताद म्हणाले, आणि टपरी हसली.

हसले तरी त्यांनी घाई केली नाही. बरेच दिवस विचार करून माझ्याकडे आले. "भाऊ, खेपा तुम्हीच देणार. खेपाच नाय मिळाल्या, तर हप्ता थांबंल ना?"

थांबणार नव्हता. शेठने मला स्पष्ट सांगितलं होतं. पण शेठ असंही म्हणाला होता, की उस्तादांनी सही केली की बाकीचे आपोआप येतील. मी म्हणालो, "मी आहे ना, उस्ताद."

"तुम्ही हाय, मग झालं." उस्तादांनी सही केली. मग विचारलं, "आणि दुसरी चावी?"

"ऑफिसात राहील. तुमची हरवली तर सोय."

ती चावी माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकली.

त्या दिवशी उस्तादांनी पहिल्यांदा चपला काढल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून सीटखाली ठेवल्या. बायकोला मुद्दाम अष्टमीहून आणलं होतं. "बसून बघ गो, सोफा हाय!" ती पदर सावरत बसली आणि काचेवरून हात फिरवत राहिली. मी चढायला लागलो तर मला अडवलं, "बूट काढा भाऊ, घर हाय." हातात बूट घेऊन मी त्या केबिनमध्ये बसलो. ड्रायव्हर लोक टाळ्या पिटत होते.

पावसाळ्यात माल कमी झाला. शेठचा फोन आला, आधी आपल्या गाड्या भर, हप्त्यावरच्या मागाहून. मी तसंच केलं. उस्ताद रोज दारात येऊन विचारत, "भाऊ, आज?" मी मान वर न करता म्हणे, "उद्या बघू." हप्ते चुकत गेले.

पाऊस सरल्यावर एका दुपारी शेठची दोन माणसं ऑफिसात आली. "उस्तादच्या गाडीची चावी दे." मी उस्तादांना एक फोन करू शकलो असतो. मी खिळ्यावरची चावी काढली आणि दिली.

दोनेक तासांनी उस्ताद धापा टाकत आत आले. अनवाणी. तापलेल्या डांबरावरून डोलवीपासून चालत आलेले. तळव्याला रक्त.

"भाऊ, गाडी चोरीला गेली! कारखान्याच्या रांगेत लावून, चपला-फोन आतच ठेवून झाडाखाली नमाज पढत होतो. इंजिनचा आवाज ऐकला, पण वाटलं, दुसरी असंल. चावी तर माझ्या खिशात!" त्यांनी चावी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "ही बघा! चला, आधी पोलिसात चला. तुम्ही हाय ना!"

ते माझ्याकडेच मदतीला आले होते. माझी नजर नकळत मागच्या खिळ्याकडे गेली. त्यांचीही गेली.

ते पुढे आले, आपल्या हातातली चावी त्या रिकाम्या खिळ्याला अडकवली आणि तसेच अनवाणी बाहेर गेले.

गाडी पेणच्या यार्डात उभी होती. सीटखालच्या चपला मी काढून आणल्या. नोकरी सोडली नाही, हेही सांगायला हवं. चपला कितीतरी महिने माझ्या कपाटात होत्या, त्याच वर्तमानपत्रात.

शेवटी एका रविवारी रोह्याचा पूल ओलांडून अष्टमीला गेलो. उस्तादांच्या बायकोने दार उघडलं. "ते मस्कतला गेले परत. तिकडंच गाडी चालवतात." मला आत घ्यावं की नाही, असा क्षणभर विचार करून ती बाजूला झाली. मग तिनेच फोन लावून माझ्या हातात दिला.

पडद्यावर उस्ताद. मागे कुठल्याशा ट्रकची केबिन. वाळलेले वाटले.

"चपला आणल्या व्हय?" ते हसले. "आता तुम्हीच घाला, भाऊ. मी इथं बूट घालून चढतो."

शेठचा हुकूम होता, माझाही संसार होता, असं बरंच काही वाटेत जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही ओठावर आलं नाही.

"उस्ताद," मी म्हणालो, "हप्ता थांबेल का, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा थांबणार नाही हे मला माहीत होतं. चावीही मीच दिली. मला माफ करा."