मीटर नोकर, कान मालक

आमच्या दादाला गल्लीत सगळे ‘कान’ म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्याला त्याचं काही वाटत नाही, उलट कॉलर ताठ होते. रेडिओ केंद्रातून निवृत्त झाल्यापासून तो मागच्या खोलीत डॅक बनवतो. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा आवाज करून पुढे स्पीकरकडे धाडणारी डबी. ती नसेल तर गाणं म्हणजे नुसती आकडेमोड.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चिप कुठली?" झालं! दादाचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "अहो, चिप काय विचारता? तीच चिप दोन डब्यांत घाला, एक गाईल, दुसरी भांडी घासेल. वीज किती स्वच्छ येते, आतलं घड्याळ किती नेमकं चालतं, बाहेर पडताना आवाजाला गाळणी कशी लावलीय, ते विचारा!" हे सगळं तो मीटरवर मोजतो, पण शेवटचा निकाल स्वतःच्या कानाने देतो. मीटर नोकर, कान मालक, असं त्याचं म्हणणं.

दोन डब्यांची तुलना करायची तर घरात लष्करी शिस्त. आधी मीटर लावून दोन्हींचा आवाज अगदी सारखा करायचा, कारण जरा मोठी वाजली की माणसाला तीच डबी चांगली वाटते. मग मी पडद्यामागे बसून अदलाबदल करायची. कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही. मला साधा खोकला आला तरी सगळ्यांदेखत पाणउतारा. धाकटी बहीण म्हणजे फुकटची नोकर!

यंदा एका स्टुडिओच्या मालकांनी नवा डॅक सांगितला होता. दादाने त्यात जीव ओतला. शेवटची गाळणी तर किती वेळा बदलली, त्याला गणती नाही. "अजून आवाज उघडत नाहीये," म्हणायचा आणि पुन्हा सोल्डरिंगला बसायचा. उंच सुरांच्या जागी मीटरवरची रेषा सपाट हवी, ती चढलेली दिसत होती. मी दाखवली, तर म्हणाला, "रेषेला गाणं कळतं का?" हल्ली नवी डबी वाजायला लागली की वहिनी विणकाम उचलून पुढच्या खोलीत जायची. दादाला वाटे, हिला कंटाळा आला.

मालक डबी न्यायला आले. थोडं ऐकलं आणि म्हणाले, "जरा टोचतंय हो." दादाला मिरच्या झोंबल्या. लगेच पडदा, मीटर, जुनी डबी, नवी डबी. मी बदलत राहिले. मालकांना आणि वहिनीला दर वेळी जुनी आवडली, दादाला दर वेळी नवी. एकटा पडला, पण हटेल तर शपथ. "तुमच्या कानांना मऊ आवाजाची सवय लागलीय!"

मालकांचा फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले. मी पडद्यामागून उठले. चिडले होते, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. कान गेला तर दादाकडे उरतं काय? तरीही मी तपासणीचा सूर लावला, हळूहळू उंच उंच जाणारा. म्हटलं, "ऐकू येतंय तोवर दोघांनीही हात वर ठेवा."

सूर चढत गेला. दादाने हात खाली घेतला. अगदी सहज, सूर संपलाच अशा खात्रीने. सूर संपला नव्हता. मला तो चांगला ऐकू येत होता. वहिनीचाही हात वर होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच आपलाही हात खाली घेतला.

"मलाही नाही येत आता," ती म्हणाली. वहिनीला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे जमलंही नाही.

दादाने मीटरकडे पाहिलं. सूर चालू असल्याचं सांगणारा काटा अजून वरच होता. मग तो पुढे झाला, तिचं मनगट धरलं आणि तिचा हात पुन्हा वर केला.

"खाली नको घेऊस," म्हणाला. "संपला की मला सांग."